साखर नॉर्मल, तळलेले खात नाही, तरी ट्रायग्लिसराइड्स का वाढले?

तुम्ही लिहिले आहे की वय २४, अंगकाठी सडपातळ, तळलेले क्वचितच खाता; उपाशीपोटीची साखर ९२ आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९८ आले, पण ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३४, म्हणजे जास्त, आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३३, म्हणजे कमी. सकाळचे पोहे-जलेबी, दोन्ही वेळचा भात आणि गोड यांमुळे असे होऊ शकते का, हा तुमचा प्रश्न. होऊ शकते. मी डॉक्टर नाही, पण इंदूरमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली अकरा वर्षे काम करते आणि असे रिपोर्ट तरुण मुलांचे सतत पाहते.

कर्बोदकांचे पचून ग्लुकोज होते आणि रक्तातली साखर चढू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. तरुणपणी स्वादुपिंडात दम असतो, त्यामुळे गरजेपेक्षा अधिक इन्सुलिन सोडून का होईना, ते उपाशीपोटीची साखर शंभराच्या आत राखते, आणि आपण निर्धास्त होतो. यकृताकडे मात्र साखरेचा ओघ चालूच असतो. तिथला साठा भरला की उरलेल्या साखरेची यकृत चरबी करते आणि ती व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात पाठवते. रिपोर्टमधले ट्रायग्लिसराइड्स मुख्यतः हेच. हे कण वाढले की एचडीएलचे कण आपले कोलेस्टेरॉल देऊन त्यांच्याकडून चरबी घेतात आणि लवकर नष्ट होतात. म्हणून तुमचे दोन आकडे एकाच वेळी बिघडले आहेत. नेहमीच्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा बराचसा भार यकृतावरच पडतो, त्यामुळे जलेबी आणि बाटलीबंद शीतपेये यांचा परिणाम अधिक. साखरेऐवजी गूळ घेतल्यानेही फारसा फरक पडत नाही.

सेंट्रीफ्यूजमधून (रक्ताची नळी वेगाने फिरवणारे यंत्र) नळी काढली की वर आलेला सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, एरवी फिकट पिवळा आणि पारदर्शक असतो. ट्रायग्लिसराइड्स फार चढले की तोच पातळ ताकासारखा पांढुरका दिसतो. ४०० च्या वर गेल्यावर सूत्राने काढलेला एलडीएलसुद्धा भरवशाचा राहत नाही, तो थेट मोजावा लागतो. पंचविशीतल्या मुलाची अशी नळी हातात आली की मला मनापासून वाईट वाटते, कारण तुमच्या पातळीवर असतानाच लक्ष दिले असते तर बहुतेक वेळा ते टळले असते.

एक शंका मात्र आधी दूर करा. रात्री बारा-एकपर्यंत सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) खाऊन सकाळी सातला रक्त द्यायला येणारे कितीतरी जण मला भेटतात. त्यांच्या दृष्टीने ते उपाशीपोटी असतात, पण ट्रायग्लिसराइड्ससाठी ९ ते १२ तास पोट रिकामे लागते. तुमचेही तसे झाले असेल तर तपासणी पुन्हा करा.

पोहे सोडायची गरज नाही. ताटली लहान ठेवा, त्यात शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घाला, सोबतची जलेबी वगळा. उपासाला साबुदाण्याची खिचडी हलकी समजून खाल्ली जाते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. त्याऐवजी राजगिरा आणि दही घ्या. भात कमी करून त्या जागी तुपाचा हात सैल सोडू नका, कारण संपृक्त चरबीने एलडीएल वाढतो आणि तुमचा तो आज चांगला आहे. ज्वारीची भाकरी, हरभरा, डाळी यांतला चोथा साखर सावकाश चढू देतो; त्यातला विरघळणारा भाग पित्ताम्ले बांधून बाहेर नेतो आणि ती नव्याने बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चाला, कारण चालणारे स्नायू फारशा इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात.

तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइलबरोबर (हीच चरबीची तपासणी) एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, करून घ्या; ती ५.७ टक्क्यांच्या खाली असणे अपेक्षित आहे. त्या आधीच डॉक्टरांना भेटून थायरॉइडची तपासणी हवी का, हे विचारा, आणि घरात कोणाला मधुमेह किंवा कमी वयात हृदयविकार असेल, दारूची सवय असेल, तर तेही स्पष्ट सांगा.