वाचकांचे प्रश्न : अँटिव्हायरसची तारीख कधी पाहिलीत?

घरच्या संगणकावरील अँटिव्हायरस आपोआप अपडेट होण्याबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : पडद्याच्या कोपऱ्यातल्या ढालीवर नेहमी हिरवी खूण असते. म्हणजे अपडेट आपोआप होत आहे असे धरून चालावे का?

तेवढ्यावर विसंबू नका. अँटिव्हायरस चालू आहे आणि सध्या त्याची काही तक्रार नाही, एवढेच ती हिरवी खूण सांगते. डेफिनिशन्स, म्हणजे घातक फायली ओळखण्याच्या खुणांची यादी, किती ताज्या आहेत हे तारखेवरूनच कळते. विंडोज १० किंवा ११ वर 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि खाली 'प्रोटेक्शन अपडेट्स'वर क्लिक करा. तिथे आवृत्तीचा क्रमांक, ती आवृत्ती कधी तयार झाली ती वेळ आणि तुमच्या संगणकावर शेवटचे अपडेट कधी झाले ती वेळ दिसते. यांत आवृत्ती तयार झाल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची. ती आजची किंवा कालची असेल तर सगळे ठीक आहे. रोज इंटरनेट चालू असूनही ती तीन दिवस जुनी असेल तर कारण शोधायला लागा. आठवडा उलटला असेल तर कुठेतरी नक्की बिघाड आहे.

इतकी घाई कशासाठी, असे वाटेल. मायक्रोसॉफ्ट या यादीची नवी आवृत्ती दिवसातून अनेकदा काढते. निर्दोष फाइलला चुकून व्हायरस ठरवले गेले असेल तर ती चूकही याच वाटेने दुरुस्त होते. म्हणून जुन्या यादीचा तोटा दुहेरी आहे.

अपडेटच्या इतिहासात केबी२२६७६०२ हा क्रमांक पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्यामुळे एकच अपडेट सारखे फसते आहे असा अनेकांचा समज होतो. तसे नसते. डिफेंडर या विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसच्या डेफिनिशन्सना दर वेळी हाच क्रमांक असतो, बदलतो तो फक्त पुढचा आवृत्ती क्रमांक. त्याच यादीत अधूनमधून केबी४०५२६२३ दिसेल. ते खुद्द डिफेंडर प्रोग्रामचे अपडेट आहे. तेही आवश्यक आहे, कारण नवी यादी वापरायला प्रोग्रामही नवा लागतो.

प्रश्न : लॅपटॉपला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट देतो. डेफिनिशन्स कायम मागे राहतात. का?

बहुतेक तुमचे नेटवर्क 'मीटर्ड', म्हणजे डेटा मोजून वापरायचे, म्हणून नोंदलेले असेल. विंडोज अशा नेटवर्कवर डेटा वाचवते आणि त्या काटकसरीत डेफिनिशन्सही अडकतात. 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय' आणि त्या नेटवर्कची 'प्रॉपर्टीज' उघडा. 'मीटर्ड कनेक्शन' चालू आहे का ते तिथे कळेल.

डेटा मुबलक असेल तर ते बंद करा. मोजून वापरावा लागत असेल तर चालूच ठेवा, नाहीतर विंडोजची मोठी अपडेट्सही त्याच वाटेने उतरतील आणि ती गिगाबाइटमध्ये असतात. अशा वेळी रोज एकदा 'प्रोटेक्शन अपडेट्स'च्या पानावर जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' स्वतः दाबा. नियमित अपडेट होणाऱ्या संगणकावर फक्त फरकाचा भाग उतरतो आणि तो लहान असतो. बरेच दिवस खंड पडला की मात्र पूर्ण यादी उतरवावी लागते, आणि ती शंभर एमबीच्या वर जाते. म्हणजे रोज थोडे थोडे घेण्यातच डेटाची बचत आहे.

आठवड्यातून एखाद्या वेळीच लॅपटॉप उघडणाऱ्यांनीही हीच सवय लावावी : आधी डेफिनिशन्स, मग पेन ड्राइव्ह आणि मेलमधल्या फायली.

प्रश्न : जुना डेस्कटॉप सुरू केला की तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. अँटिव्हायरसही अपडेट होत नाही. या दोन्हींचा संबंध आहे का?

थेट संबंध आहे. अपडेट सुरक्षित जोडणीतून येते. जोडणी करताना संगणक समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचे घड्याळ २०१५ दाखवत असेल तर आजचे खरे प्रमाणपत्रही त्याला 'अजून सुरूच न झालेले' वाटते आणि तो जोडणी नाकारतो. अशा वेळी बहुधा ८००७२एफ८एफ हा कोड दिसतो. बँकेची आणि इतर सुरक्षित संकेतस्थळेही कुरकुर करू लागतात. उलट घड्याळ पुढे गेले तर विकतच्या अँटिव्हायरसला वाटते की आपली वर्गणीच संपली.

तात्पुरता उपाय म्हणजे 'टाइम अँड लँग्वेज'मधल्या 'डेट अँड टाइम'वर जाऊन आधी तारीख हाताने बरोबर करणे आणि मग 'सिंक नाऊ' दाबणे. पण वीज गेली किंवा प्लग काढला की तारीख पुन्हा मागे जाईल, कारण मूळ दोष मदरबोर्डवरच्या गोल सेलमध्ये आहे. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ ही ३ व्होल्टची सेल असते. मल्टिमीटरवर ती २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदलून टाका.

सेल बदलण्याआधी एक गोष्ट आठवणीने करा. ड्राइव्हवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (फायली कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा. सेल काढल्यावर बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात आणि मग संगणक ती की मागू शकतो. की हाताशी नसेल तर आतल्या सगळ्या फायली अडकून पडतात. त्यानंतर संगणक बंद करा, प्लग काढा, उरलेली वीज निघून जाण्यासाठी पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. क्लिप बाजूला सारून सेल काढा आणि नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा. सुरू केल्यावर बायोसमध्ये तारीख-वेळ भरा. लॅपटॉपमध्ये ही सेल कधी वायरने जोडलेली तर कधी बोर्डला डाग दिलेली असते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

प्रश्न : अपडेट करताना वेगवेगळे एरर कोड येतात. कोणता कोड कशाचा?

८००७०४२२ आला तर अपडेटला लागणारी सेवाच बंद केलेली आहे. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करा, यादीत 'विंडोज अपडेट' शोधा आणि 'स्टार्टअप टाइप' पाहा. तो 'डिसेबल्ड' असेल तर 'मॅन्युअल' करा. सेवा लागेल तेव्हा स्वतःच जागी होते. विंडोजची अपडेट्स त्रास देतात म्हणून अनेक जण ही सेवाच तोडून टाकतात आणि डेफिनिशन्सची मुख्य वाटही आपल्याच हाताने बंद करतात. अपडेट्स थोपवायचीच असतील तर 'पॉज' वापरा. पॉज केले तरी डिफेंडरच्या डेफिनिशन्स येत राहतात.

८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. सी ड्राइव्हवर काही जीबी मोकळी करा.

८००७०६४३ हा जरा फसवा कोड आहे. 'बसवता आले नाही' एवढेच तो सांगतो. आधी कोणते अपडेट फसले त्याचा क्रमांक पाहा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वर केबी५०३४४४१ हे अपडेट याच कोडने फसत होते. त्याचे कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेल्या डिस्कच्या भागात, जागा कमी असणे हे होते, अँटिव्हायरसचा त्यात काही संबंध नव्हता. क्रमांक केबी२२६७६०२ असेल तर एकदा 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच नव्हे, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. तरीही अडले तर 'सर्व्हिसेस'मधून 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन्ही सेवा थांबवा. मग विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन'च्या 'डाउनलोड' फोल्डरमधील सगळे काढून टाका. दोन्ही सेवा सुरू करून पुन्हा प्रयत्न करा. अर्धवट उतरलेली फाइल अडसर असेल तर ती यात निघून जाते.

८००७२ईई७ म्हणजे सर्व्हरचे नाव सापडत नाही. बऱ्याचदा दोष राउटरचा किंवा डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) असतो. पण बाकीची सगळी संकेतस्थळे उघडतात आणि फक्त अँटिव्हायरस कंपन्यांचीच उघडत नाहीत असे दिसले, तर सावध व्हा. २००८ मध्ये पसरलेल्या कॉन्फिकर या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) नेमकी हीच वाट अडवली होती. 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते. तिला साधारण १५ मिनिटे लागतात. उघडी कामे आधी सेव्ह करा.

प्रश्न : विकतच्या अँटिव्हायरसची वर्गणी संपली. प्रोग्राम अजून चालू दिसतो. ठेवावा का?

नूतनीकरण करणार नसाल तर ठेवू नका. वर्गणी संपलेला प्रोग्राम जागा अडवून बसतो, पण त्याची यादी गोठलेली असते. दुसरा अँटिव्हायरस चालू म्हणून नोंदलेला असतो तोवर डिफेंडर बाजूला राहतो. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून तो काढा, रीस्टार्ट करा आणि कंपनीने स्वतःचे रिमूव्हल टूल दिले असेल तर तेही चालवा, कारण मागे उरलेले ड्रायव्हर पुढे त्रास देतात. मग 'विंडोज सिक्युरिटी'च्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडून डिफेंडर चालू झाला आहे ना ते पाहा आणि लगेच डेफिनिशन्स उतरवा. दोन अँटिव्हायरसचे सततचे पहारे एकाच वेळी ठेवू नका. दोघेही एकाच फाइलवर झडप घालतात आणि संगणक अडखळतो.

प्रश्न : विंडोज १० चा आधार संपला म्हणतात, पण डेफिनिशन्स तर येतच आहेत. मग चिंता कशाची?

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरच्या डेफिनिशन्स मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. या दोन गोष्टींची गल्लत करणे धोक्याचे आहे. डेफिनिशन चोराचा चेहरा ओळखते, विंडोजचे सुरक्षा अपडेट तुटलेली कडी दुरुस्त करते. वॉनाक्राय या फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामचे उदाहरण घ्या. ज्या त्रुटीतून ते शिरले ती बुजवणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आले होते आणि हल्ला १२ मे रोजी झाला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते बसवले, त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. म्हणून विंडोज १० ठेवणार असाल तर वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना घ्या, नाहीतर विंडोज ११ वर जा.

प्रश्न : अपडेटमुळेच संगणक बंद पडल्याच्या बातम्या येतात. डेफिनिशन्स चार दिवस उशिराने घ्याव्यात का?

बातम्या खऱ्या आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. क्राउडस्ट्राइक हा प्रामुख्याने कंपन्यांमध्ये वापरला जाणारा सुरक्षा प्रोग्राम आहे. तरीही घरी उशीर करू नका. अशा घटना क्वचित घडतात, नवे घातक प्रोग्राम मात्र रोज येतात. वाईट अपडेटवरचा उपाय म्हणजे बॅकअप : महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम झाले की ती डिस्क काढून ठेवा.

प्रश्न : मॅक आणि लिनक्सवर काय करावे?

मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट हा अँटिव्हायरस अंगभूत असतो. 'सॉफ्टवेअर अपडेट'मधल्या 'ऑटोमॅटिक अपडेट्स'शेजारचे माहितीचे चिन्ह दाबा आणि सिस्टिम फायली व सुरक्षा प्रतिसाद बसवण्याचा पर्याय चालू ठेवा. बाकीचे पर्याय बंद असले तरी हा बंद नको. लिनक्सवर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या डेफिनिशन्स त्याचाच फ्रेशक्लॅम हा प्रोग्राम आणतो. त्याची सेवा पार्श्वभूमीवर चालू असताना तोच आदेश हाताने दिला की लॉग फाइल 'लॉक' असल्याचा संदेश येतो. तो बिघाड नाही, काम आधीच चालू असल्याची ती खूण आहे.

प्रश्न : एका संगणकाला मुद्दाम इंटरनेट दिलेले नाही. त्याच्या डेफिनिशन्सचे काय?

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून डेफिनिशन्सची पूर्ण फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवता येते. ३२ बिट, ६४ बिट आणि एआरएम अशा वेगवेगळ्या फायली असतात, पण उतरवल्यावर त्यांचे नाव सारखेच दिसते. त्यामुळे प्रत्येकीसाठी वेगळा फोल्डर करा. आपल्याला कोणती हवी ते 'सिस्टिम'मधील 'अबाउट'च्या पानावर 'सिस्टिम टाइप'समोर लिहिलेले असते. पेन ड्राइव्हवर घेण्याआधी तो ड्राइव्ह उतरवणाऱ्या संगणकावरच स्कॅन करा. मग इंटरनेट नसलेल्या संगणकावर ती फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. खिडकी उघडत नाही, 'झाले' असा संदेशही येत नाही, म्हणून लोक ती पुन्हा पुन्हा चालवतात. एकदाच चालवा, काही मिनिटे थांबा आणि 'प्रोटेक्शन अपडेट्स'च्या पानावर तारीख बदलली का ते पाहा. पेन ड्राइव्ह आठवड्यातून एकदा जात असेल तर दर वेळी याच फाइलपासून सुरुवात करा, बाकीच्या फायली नंतर उघडा.