गॅम्बिट म्हणजे बळी नव्हे

बुद्धिबळात डावाच्या सुरुवातीलाच समोरच्याला मारायला प्यादं पुढे करतात, त्या चालीला गॅम्बिट म्हणतात. त्यातल्या 'किंग्ज गॅम्बिट'ला मराठीत 'राजाचा बळी' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे.

अजिबात म्हणू नये. समालोचनात हे ऐकलं की चीड येते. राजा या खेळात कधी मारलाच जात नाही, मग त्याचा बळी कसला? पुढे केलं जातं तेही राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं. 'क्वीन्स गॅम्बिट'ला 'वजिराचा बळी' म्हणणं हा त्यातलाच प्रकार.

शब्द मूळचा इटालियन. 'गाम्बा' म्हणजे पाय, 'गाम्बेत्तो' म्हणजे पायात पाय घालून पाडणं. म्हणजे चक्क कुस्तीतली टांग! स्पॅनिश धर्मगुरू रुई लोपेझने १५६१च्या आपल्या बुद्धिबळाच्या पुस्तकात तो घेतला आणि मग युरोपभर झाला.

'गाम्बा म्हणजे पाय, म्हणून गॅम्बिट म्हणजे पहिलं पाऊल' असं सांगणारे विद्वानही भेटतात. त्यांनी शब्द अर्धाच वाचला. पाऊल एकट्याने टाकता येतं, पाडायला समोर कुणी लागतो.

लंडनमधला १८५१चा अँडरसन-कीझेरिट्स्की डाव बघा. राजांपुढची प्यादी समोरासमोर आली. अँडरसनने उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, कीझेरिट्स्कीने ते मारलं, आणि मारताना त्याचं प्यादं पटाच्या मध्यातून बाजूला ओढलं गेलं. टांग बसली ती इथे. पुढे अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन २३व्या खेळीला मात केली. ते खरे बळी, आणि त्यांना कुणी गॅम्बिट म्हणत नाही. गॅम्बिट डावाच्या सुरुवातीलाच असतो, म्हणून 'ओपनिंग गॅम्बिट' ही शुद्ध द्विरुक्ती.

खरी गंमत प्याद्यात आहे. फारसी 'पियादा' म्हणजे पायी चालणारा, आपल्या 'पदाति'चा भाऊबंद. इंग्रजी 'पॉन'ही मागे जात जात लॅटिनमधल्या पायाशीच पोचतो. पायदळातला शिपाई पाय घालून पाडतो! इतका चपखल शब्द असताना 'बळी' कशाला?

'टांग' गावंढळ वाटते म्हणणाऱ्यांनी 'डाव' आणि 'पेच' आखाड्यातही चालतात हे आठवावं. आखाड्यात आतली टांग आणि बाहेरची टांग असते, तशी पटावर राजबाजूची टांग आणि वजीरबाजूची टांग म्हणा.