ग्रानादोसची ‘आंदालुसा’ क्लॅरिनेटसाठी बसवायची असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे की स्पॅनिश संगीतकार ग्रानादोसच्या पियानोसाठी लिहिलेल्या स्पॅनिश डान्सेसमधला पाचवा, ‘आंदालुसा’, क्लॅरिनेट आणि पियानोसाठी लिहिताना उजव्या हातातली वरची ओळ उचलून क्लॅरिनेटला दिली की झालं का. नाही, तिथून तर खरं काम सुरू होतं.

पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो आणि ग्रानादोसने ते गृहीत धरून लिहिलंय. क्लॅरिनेट तोच लांब सूर शेवटपर्यंत भरलेला ठेवतो, त्यामुळे खाली डाव्या हातात जी गिटारसारखी छेड चाललीये ती झाकली जाते, आणि या तुकड्याचा जीव त्या छेडीतच आहे. म्हणून लांब सुरांवर स्वतःच्या हाताने डिमिन्युएंडो (आवाज हळूहळू कमी करण्याची खूण) लिहा, क्वचित एखादा सूर मुद्दाम फुलवा पण कुठला ते आधी ठरवा. पियानोच्या छापील स्वरलेखनातले अ‍ॅक्सेंट (सुरावर जोर देण्याच्या खुणा) जसेच्या तसे उतरवू नका, क्लॅरिनेटवर ते जिभेचे फटके वाटतात, बऱ्याच ठिकाणी टेनुटो, म्हणजे सूर पूर्ण लांबीचा धरण्याची खूण, पुरते.

आता पियानोचा उजवा हात मोकळा झाला म्हणून लोक त्याला तीच मेलडी परत देतात किंवा आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) भरतात. कृपा करून असं करू नका. डाव्या हाताला लांब उड्या माराव्या लागतात तिथले मधले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) उजव्याला द्या, बाकी जागा रिकामी राहू दे. मेलडी धरून ठेवायची गरज उरली नाही की सूर लांबवणारा पेडलही कमी लागतो आणि ती छेड कोरडी, स्वच्छ ऐकू येते. मूळ पियानोवर एकट्याने हे जमवणं फार अवघड आहे, माझ्या मते अरेंजमेंट करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

मधला ई मेजरचा संथ भाग पियानोला एकट्याला सुरू करू द्या, क्लॅरिनेट नंतर येऊ दे. वाजवणाऱ्याला श्वास मिळतो आणि कानालाही बदल मिळतो.

पट्टीचं म्हणाल तर, क्लॅरिनेट लिहिलेल्या सुरापेक्षा खाली वाजतो, बी फ्लॅटचा एक सूर आणि ए चा दीड सूर, म्हणून मूळ ई मायनर बी फ्लॅट क्लॅरिनेटला एफ शार्प मायनरमध्ये लिहावा लागतो, आणि मधला भाग एफ शार्प मेजर, म्हणजे सहा शार्प (सूर अर्ध्याने चढवण्याच्या खुणा)! ए क्लॅरिनेटवर तेच जी मायनर आणि जी मेजर होतं, एकदम सुटसुटीत. ए क्लॅरिनेट नसेल तर तोच जी मायनरचा पार्ट बी फ्लॅटवर वाजवा आणि फक्त पियानोचा पार्ट अर्ध्या सुराने वर, एफ मायनरमध्ये न्या. एकच क्लॅरिनेट पार्ट दोन्हीकडे चालतो.

पहिल्यांदाच करत असाल तर याच संचातला दुसरा, ‘ओरिएंटल’, आधी घ्या. सी मायनर आहे, म्हणजे बी फ्लॅटला डी मायनर, फक्त एक फ्लॅट (सूर अर्ध्याने उतरवण्याची खूण). तिथे मेलडी दोन आवाजांत चालते, वरचा क्लॅरिनेटला द्या आणि खालचा पियानोच्या उजव्या हातातच ठेवा. दुसरा स्पॅनिश संगीतकार अल्बेनिझ याचा ‘आस्तुरियास’ मात्र सध्या लांबच ठेवा, त्यातली सुरुवातीची अखंड ठोक दोन हात आलटून पालटून वाजवतात, एका जिभेवर ती फार लवकर थकवते.

कॉपीराइटच्या हक्कांची काळजी नको, ग्रानादोस 1916 मध्येच गेला. फक्त दुसऱ्या कुणाची अलीकडची अरेंजमेंट समोर ठेवून लिहू नका, मूळ पियानोच्या स्वरलेखनावरूनच काम करा.