वाचकांचे प्रश्न : फोनवरची बातमी पडद्यावर कशी येते?

प्रश्न : ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ हे वॉटरगेट प्रकरणावरचे पुस्तक मी आधी वाचले आणि त्यावरचा चित्रपट नंतर पाहिला. पुस्तकात पानोपानी नावे, तारखा आणि फोनवरची संभाषणे आहेत. प्रत्यक्ष घडते असे फारच थोडे. तरीही चित्रपट सव्वादोन तास खिळवून ठेवतो. हे दिग्दर्शकाने कोणत्या तंत्रांनी साधले, आणि अशा रूपांतराचे विश्लेषण लिहायचे तर सुरुवात कोठून करावी?
— पत्रकारितेची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातच विश्लेषणाची सुरुवात दडलेली आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या अमेरिकन दैनिकाचे बातमीदार बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांच्या १९७४ च्या या पुस्तकात मुख्य क्रिया एकच आहे, ती म्हणजे विचारणे. आणि माणूस विचारतो आहे, समोरचा टाळतो आहे, हे पडद्यावर दाखवणे कॅमेऱ्यासाठी फारसे सोयीचे नसते. दिग्दर्शक ॲलन पाकुला, पटकथाकार विल्यम गोल्डमन आणि छायालेखक गॉर्डन विलिस यांनी १९७६ च्या चित्रपटात जे काही केले, ते या एका अडचणीवरचे उत्तर म्हणून वाचले, तर सुटी सुटी वाटणारी तंत्रे एका सूत्रात येतात. ‘येथे क्लोजअप आहे, तेथे लाँग शॉट आहे’ अशी जंत्री करण्यापेक्षा प्रत्येक तंत्र पुस्तकातील कोणत्या मजकुराच्या जागी आले आहे, हे शोधावे.

यासाठी एकच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा, असे मी सुचवेन. १९७२ साली वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलातील विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घरफोडीत पकडलेल्या पाच जणांपैकी एकाच्या बँक खात्यात पंचवीस हजार डॉलरचा धनादेश जमा झालेला असतो, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक प्रचारासाठी निधी गोळा करणारे केनेथ डालबर्ग यांचे नाव असते. वुडवर्ड फोन उचलतो आणि डालबर्ग व प्रचारप्रमुख क्लार्क मॅक्ग्रेगर यांच्याशी बोलतो. सुमारे सहा मिनिटांचा हा प्रसंग एकाच अखंड शॉटमध्ये आहे. सुरुवातीला भोवतालचे कार्यालय दिसते, मागे सहकारी टीव्हीभोवती गोळा झालेले असतात आणि भिंगाच्या खास जोडणीमुळे जवळचा बातमीदार व दूरचा घोळका दोन्ही स्पष्ट दिसतात. मग कॅमेऱ्याची चौकट इतकी सावकाश आवळत जाते, की चेहऱ्याने पडदा कधी व्यापला हे प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. सगळे कार्यालय त्या दिवसाची मोठी बातमी टीव्हीवर पाहत असते, आणि त्याहून मोठी बातमी त्यांच्या पाठीमागे एका वहीत उतरत असते. हे कोणी बोलून दाखवत नाही, ते चौकटीच्या रचनेतूनच कळते. याच शॉटच्या अखेरीस वुडवर्डची भूमिका करणारा रॉबर्ट रेडफर्ड एका नावाऐवजी दुसरे नाव घेऊन बसतो आणि न थांबता स्वतःला सावरतो. दिग्दर्शकाने ती चूक काढून टाकली नाही. काम करणारा बातमीदार असाच अडखळतो, त्यामुळे तो निर्णय मला अभिनयाइतकाच मोलाचा वाटतो.

यानंतर प्रकाशयोजनेकडे यावे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची कचेरी चित्रीकरणासाठी मिळाली नाही, म्हणून कॅलिफोर्नियातील बरबँक येथील स्टुडिओत ती जशीच्या तशी उभारण्यात आली, टेबलांचे रंग जुळवले गेले आणि मूळ कचेरीतील रद्दी कागदही मागवण्यात आले. रद्दीची ही हौस अनेकांना अतिरेकी वाटते, परंतु वास्तव घटनांवरच्या चित्रपटात प्रेक्षकाचा विश्वास अशाच क्षुल्लक वस्तूंवर उभा राहतो. या दालनात ट्यूबलाइटचा सपाट, कोठेही सावली न ठेवणारा उजेड आहे. बाहेर मात्र अंधार आहे. वुडवर्डचा गुप्त सूत्र भेटतो ते भूमिगत वाहनतळ तर इतके काळोखे, की त्या माणसाचा अर्धा चेहराच दिसतो. पुस्तकात ‘कोणावर किती विश्वास ठेवावा’ या शंकेसाठी परिच्छेदच्या परिच्छेद खर्ची पडले आहेत. विलिस यांनी ते काम उजेड आणि काळोख यांच्यातील फरकावर सोपवले.

अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या ग्रंथालयातील प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहतो. दोघे बातमीदार पुस्तकांच्या मागणीच्या चिठ्ठ्या चाळत असतात आणि कॅमेरा टप्प्याटप्प्याने थेट घुमटापर्यंत वर जातो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत याविषयी ‘माणसाचे क्षुद्रत्व’ वगैरे लिहिले जाते. मला त्यात कामाचा निव्वळ आकार दिसतो : गवताच्या गंजीत सुई शोधायची आहे, आणि गंजी केवढी आहे ते एकदा नीट पाहा.

ध्वनीविषयी थोडक्यात सांगायचे, तर संगीत अत्यंत कमी ठेवून त्याची जागा टंकलेखन यंत्राला दिली आहे. पहिल्याच दृश्यात कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर तारखेची अक्षरे उमटतात, तेव्हा त्या आघातांत बंदुकीच्या आणि चाबकाच्या आवाजांचे मिश्रण केलेले आहे. अखेरच्या भागात निक्सन दूरचित्रवाणीवर दुसऱ्यांदा शपथ घेतात, तोफांची सलामी होते, आणि मागे दोघे टंकन करीत राहतात. दोन आवाजांची ती चढाओढ मुद्दाम कान देऊन ऐकावी. चित्रपटाला मिळालेल्या चार ऑस्करपैकी एक ध्वनीसाठी होते.

प्रश्न : चित्रपट पुस्तकाच्या निम्म्यावरच संपतो आणि ‘फॉलो द मनी’ (पैशाचा माग काढा) हे त्यातील गुप्त सूत्राच्या तोंडचे गाजलेले वाक्य तर पुस्तकात सापडतच नाही. मग याला प्रामाणिक रूपांतर म्हणावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत, मात्र दोन्हींना एकाच तराजूत घालता येणार नाही. पुस्तक १९७४ च्या सुरुवातीपर्यंतचा काळ सांगते. चित्रपट जानेवारी १९७३ मध्ये थांबतो आणि पुढचा सारा इतिहास, निक्सन यांच्या राजीनाम्यासह, टेलिप्रिंटरवर धडधडत उमटणाऱ्या मथळ्यांत उरकतो. थांबण्यापूर्वीचा शेवटचा मोठा प्रसंग बातमीदारांच्या विजयाचा नसून त्यांच्या चुकीचा आहे : व्हाइट हाउसचे प्रमुख अधिकारी हॉल्डमन यांच्याविषयीच्या बातमीत ग्रँड ज्युरीपुढील (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढील) साक्षीचा चुकीचा हवाला दिला जातो आणि सगळी मोहीमच अडचणीत येते. सर्वांना ठाऊक असलेला शेवट पुन्हा रंगवण्यापेक्षा, ज्या वेळी काहीच सिद्ध झालेले नव्हते त्या वेळची अनिश्चितता जपणे पटकथाकाराला महत्त्वाचे वाटले. ही काटछाट मला पुस्तकाच्या वृत्तीशी इमान राखणारी वाटते.

‘फॉलो द मनी’ ही गोल्डमन यांची भर आहे. ते वाक्य तपासाची दिशा नेमकी सांगते, म्हणून नाट्यदृष्ट्या क्षम्य आहे, जरी आता जगभर ते खऱ्या सूत्राच्या तोंडचे म्हणून उद्धृत होत असले तरी. माझा आक्षेप वेगळाच आहे. बॅरी ससमन हे ‘पोस्ट’चे शहर-संपादक या शोधाच्या उभारणीत महत्त्वाचे होते आणि पुस्तकात ते ठळकपणे वावरतात, चित्रपटात मात्र ते पात्रच नाही. संपादकांची गर्दी प्रेक्षकाला पेलत नाही, हे व्यावहारिक कारण समजण्याजोगे आहे. परंतु कचरापेटीतल्या कागदांपर्यंत खरेपणा सांभाळणाऱ्या चित्रपटाने त्या वेळी हयात असलेला एक कर्तबगार माणूस गाळावा, ही उणीव छोटी मानता येणार नाही. रूपांतराची तपासणी करताना पडद्यावर काय दिसते याच्या जोडीला पुस्तकातले कोण पडद्यावर पोहोचलेच नाही, याचीही यादी आपण अवश्य करावी.