लोक निघत का नाहीत

प्रिय मित्रा,

तुझा वादळाच्या इशाऱ्याचा मसुदा वाचला. वाऱ्याचा वेग, पावसाचे मिलिमीटर, रंगांचा तक्ता, सगळं चोख आहे. फक्त तो एका हवामानतज्ज्ञाने दुसऱ्यासाठी लिहिल्यासारखा झालाय. ताशी 120 किलोमीटर वारा आला तर आपलं छप्पर राहील का, हे वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही. ते आपण सांगायचं: पत्रे उडतील, वीज जाईल, नदीकाठचा रस्ता संध्याकाळनंतर पाण्याखाली असेल, त्याआधी निघा.

एवढं केलंस तरी पुष्कळजण निघणार नाहीत. लगेच त्यांना अडाणी ठरवू नकोस. (आपल्या क्षेत्रात ही सवय फार आहे.) जनावरं कुणावर सोडायची, मागे घर फोडलं तर, आजची मजुरी बुडाली तर, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलणार कोण, हे हिशेब त्यांनी केलेले असतात आणि बहुधा ते बरोबरच असतात. बांगलादेशात 1991 च्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 38 हजार माणसं गेली. निवारे अपुरे होतेच. शिवाय घरातला पुरुष सोबत नसताना बाहेर पडणं, परक्यांच्या गर्दीत रात्र काढणं अनेक बायकांना अवघड होतं. मृतांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. पुढे तिथे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी जागा ठेवू लागले, स्त्री स्वयंसेवकांची संख्या वाढवली. 'तातडीने' हा शब्द ठळक करून यातलं काहीच साधलं नसतं.

श्रीमंत शहरातही हेच. 2021 मध्ये इडा वादळाच्या पावसाने न्यूयॉर्कमध्ये तळघरातल्या घरांत 11 माणसं दगावली. मोबाइलवर राष्ट्रीय हवामान सेवेचे इशारे इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आले. मृतांत नेपाळी आणि चिनी कुटुंबंही होती. पण भाषांतर झालं असतं तरी एक प्रश्न उरतोच: मध्यरात्री तळघरातून निघून त्यांनी जायचं कुठे? ते ठिकाण इशाऱ्यात नसेल तर इशारा अर्धाच आहे.

कागदपत्रं नसलेला माणूस सरकारी गाडी दिसली की लपतो. त्याला तू सांगून उपयोग नाही. त्याचा मुकादम, दाई, किंवा प्रार्थनास्थळातलं कुणी सांगेल तर तो ऐकेल. ही ओळख कोरड्या दिवसांत करून ठेव. भोंग्यावर अवलंबून राहिलास तर बहिरे राहून जातील, बावट्यावर राहिलास तर आंधळे. दोन्ही ठेव.

आणि वादळ हुकलं तर गप्प बसू नकोस. ते का वळलं, हे त्याच लोकांना जाऊन सांग, नाहीतर पुढच्या वेळी ते घरीच थांबतील.

मसुदा सध्या बाजूला ठेव. मागच्या वेळी जे निघाले नाहीत त्यांच्या घरी जा, कारणं विचार, त्यांच्याच शब्दांत लिहून आण. मग आपण बसू.

तुझा,
एक जुना सहकारी