साडेपाच तास मागे

प्रश्न : मावशी, माझे बाबा हवाई दलात वैमानिक होते. आसामातल्या जोरहाटहून डाकोटा ही मालवाहू विमानं उडवायचे, 1971 च्या युद्धातही होते. पुढे प्रवासी विमान कंपनीत गेले, आखाती देशांत नि युरोपात फेऱ्या केल्या. निवृत्तीनंतर आई-बाबा हर्णैजवळच्या आमच्या घरी राहायला आले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. येत्या मार्गशीर्षात त्यांच्या तिथीला ओटीवर गणवेश, पदकं, उड्डाणांची नोंदवही असं सगळं मांडून गावाला दाखवावं असं मनात आहे. पण आई ट्रंकेची किल्लीच देत नाही. आषाढात मुद्दाम रजा काढून गेले, तरी नाही. बाबांबद्दल दोन शब्द बोलत नाही. घरातलं काही बदलूही देत नाही. माजघरातलं घड्याळ साडेपाच तास मागे चालतं, दर रविवारी आई त्याला किल्ली देते, पण दुरुस्तीला नेऊ देत नाही. मी पन्नाशीला आले, पण तिला बाबांचं काही वाटत होतं की नाही, हेच मला कळलेलं नाही. तिला कसं समजावू?
— एक लेक, पुणे

अगं, ते घड्याळ बिघडलेलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच ओळीशी अडले. जुनं किल्लीचं घड्याळ नादुरुस्त झालं की रोज दोन-चार मिनिटं घसरत जातं. आज साडेपाच तास मागे असेल, तर महिन्याभरात सहा-सात तास होतील. तुझ्या आईचं घड्याळ साडेपाचाचं अंतर सोडत नाही. हे आपोआप होत नसतं. दर रविवारी नुसती किल्ली देत नसणार ती, काटेही जुळवत असणार.

माझा थोरला भाऊ वेधशाळेत होता. त्याच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं असायची, एक आपलं, एक इंग्लंडमधल्या ग्रीनिचचं, जिथून जगाची वेळ मोजतात. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत वेळ लिहायचा तीन. लहानपणी मला वाटायचं, दादा चुकतोय. आपल्या देशाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर बांधलेली आहे. पंधरा अंशांना एक तास, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. विमानांचा कारभारही ग्रीनिचच्याच वेळेवर चालतो. एका रात्रीत चार देश ओलांडणाऱ्याने कुठकुठली वेळ धरायची? म्हणून उड्डाणाचा आराखडा, वाटेतल्या हवामानाचे अहवाल, सगळं त्या एका वेळेत. वैमानिकाची लेक तू, आणि हे तुझ्या लक्षात येऊ नये? मला राग आला, खरंच सांगते.

तुमच्या घरात दोन वेळा नांदत होत्या. आपल्या वेळेला ती कुकर लावायची, तुला शाळेला धाडायची. आणि नवरा आत्ता कुठे असेल, ते त्या दुसऱ्या घड्याळात बघायची. परगावच्या फोनसाठी एक्स्चेंजकडे ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळायचे दिवस ते. काटा ठरल्या जागी आला की ‘उतरले असतील’ असं मनाशी म्हणून पुढच्या कामाला लागत असणार. हा माझा अंदाज आहे. खरं काय ते तिला ठाऊक. तू तिला कधी विचारलंच नाहीस, आणि मला विचारतेस, तिला काही वाटत होतं की नाही!

ट्रंकेचंही सांगते. आषाढात ट्रंक उघडायची नसते गं. आपल्याकडच्या त्या हवेत लोकरी कापडाला बघता बघता बुरशी धरते. दसरा झाला, ऊन कडक झालं की कपडे बाहेर काढून उन्हं दाखवायची, ही कोकणातल्या प्रत्येक घरची रीत. तिने किल्ली दिली नाही ती गणवेश टिकावा म्हणून.

बाबांचा अभिमान तुला वाटणारच, वाटायलाच हवा. डाकोटांनी ईशान्येकडच्या डोंगरातल्या चौक्यांवर शिधा टाकला, 11 डिसेंबर 1971 ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलवर आपले छत्रीसैनिक उतरले, हे सगळं इतिहासात नोंदलेलं आहे. बाबांच्या वहीतही त्यांचे तास मिनिटांसकट असतील, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. ते कुठे जात नाहीत. पण तेवढेच तास तुझ्या आईने जमिनीवर काढलेत आणि त्यांची वही कुणी ठेवलेली नाही. ती पंचाहत्तरीच्या घरात असेल. तुझ्या हाताशी वेळ कमी आहे.

तेव्हा शनिवारी रात्रीच दापोलीची गाडी पकड. प्रदर्शनाचं नाव काढू नकोस, किल्ली मागू नकोस. रविवारी ती घड्याळाशी चढेल तेव्हा खालून स्टूल घट्ट धर आणि विचार, “आई, बाबांच्या घड्याळात आत्ता किती वाजले?” एवढंच. बोलायला लागली तर मधे तोंड घालू नकोस. गप्प राहिली तर तिच्याबरोबर चहा घे, आणि पुढच्या शनिवारी परत जा. तिथीला ओटीवर काय मांडायचं, मांडायचं की नाही, ते तिला ठरवू दे.