पोरगं द्यायचं, पण कसं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या फुटबॉल क्लबाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या त्या सतरा वर्षांच्या मुलाला वरच्या लीगमधल्या श्रीमंत क्लबाने मागणी घातली आहे आणि तुमचे संचालक सही करायला उतावीळ झालेत. नवव्या वर्षापासून ज्याला घडवलं त्याला आपण बाजारात उभं करतोय, असं तुला वाटतंय. ‘मग आपण अकादमी चालवतो तरी कशासाठी?’ असं तू विचारलंस. तुझा राग खरा आहे, तो जपून ठेव. फक्त तो चुकीच्या जागी खर्च करू नकोस. मुलगा जाणार की राहणार, हे छोट्या क्लबाच्या हातात फारसं नसतं. तो कधी जाईल, कुणाकडे जाईल आणि जाताना कागदावर काय लिहिलेलं असेल, हे मात्र असतं. तुझी सगळी ताकद तिथे लाव.

पहिली गोष्ट तू पत्रात लिहिलेलीच नाहीस. सतरावा वाढदिवस झाल्यावर त्याच्याशी व्यावसायिक करार झाला का? इंग्लंडमध्ये सतरा पूर्ण झाल्याशिवाय तो करता येत नाही, आणि छोट्या क्लबाचा सगळा जीव त्या आधीच्या काळात टांगणीला असतो. एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन ही तिथली तरुण खेळाडू घडवण्याची योजना 2012 मध्ये लागू झाली. त्याआधी, ऑक्टोबर 2011 मध्ये, प्रीमियर लीगच्या खालच्या फुटबॉल लीगमधल्या 72 क्लबांनी तिच्यावर मतदान केलं होतं. 46 बाजूने, 22 विरोधात. नाही म्हटलं तर वरच्या लीगकडून तरुणांच्या प्रशिक्षणासाठी येणारा पैसा बंद होईल, या धास्तीने हात वर केले, असं काही क्लबांनी तेव्हा उघड बोलून दाखवलं. करार होण्याआधीच लहान मूल दुसऱ्या क्लबाने नेलं तर घडवणाऱ्या क्लबाला किती भरपाई द्यायची, याचे दर या योजनेने ठरवून टाकले. सुरुवातीचे दर असे होते: नऊ ते अकरा या वयासाठी वर्षाला 3,000 पौंड, आणि बारा ते सोळासाठी अकादमीच्या श्रेणीप्रमाणे वर्षाला 12,500 ते 40,000 पौंड. तिसऱ्या श्रेणीच्या अकादमीत सगळं बालपण घालवलेल्या मुलाचे एक लाख पौंडसुद्धा भरत नव्हते. मुलगा पुढे प्रीमियर लीगमध्ये खेळला तर सामन्यांच्या संख्येनुसार आणखी रक्कम मिळते, हे खरं. पण तिथवर पोहोचणारे किती, ते तुला माहीत आहे.

याचा परिणाम काय झाला? वायकम वाँडरर्सने 2012 मध्ये अकादमी बंद केली. ब्रेंटफर्डने 2016 मध्ये केली. दोन मुलं मँचेस्टरच्या दोन बड्या क्लबांनी प्रत्येकी साधारण 30,000 पौंड देऊन नेली होती, आणि त्यानंतर हा खर्च करण्यात त्यांना अर्थ दिसेना. ब्रेंटफर्डचा तो निर्णय मला पटला नव्हता, आजही पटत नाही, पण त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणू शकत नाही.

करारावर सही झाली की मात्र गणित पालटतं. तक्त्यातला दर संपतो आणि किंमत सांगायचा हक्क तुमचा होतो. एक्सेटर सिटीचं 2017 चं वर्ष नीट अभ्यास. हा क्लब चाहत्यांच्या ट्रस्टचा आहे, मागे कुणी धनाढ्य मालक नाही. त्या एका उन्हाळ्यात त्यांच्याकडून दोन मुलं वर गेली. इथन अँपाडू पंधराव्या वर्षी पहिल्या संघातून खेळला आणि व्यावसायिक करार करण्याआधीच सोळाव्या वर्षी चेल्सीकडे गेला. दोन्ही क्लबांचं रकमेवर जमेना, तेव्हा प्रकरण लवादाकडे गेलं. लवादाने आधी 13 लाख पौंड आणि अटी पुऱ्या झाल्या तर जास्तीत जास्त 25 लाख अशी रक्कम ठरवली. एक्सेटरची अपेक्षा याहून कितीतरी मोठी होती.

दुसरा ऑली वॉटकिन्स. त्याची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तुझ्यासारख्याने भिंतीवर लावून ठेवावी अशी. त्याला एक्सेटरने घाई न करता वाढवलं. मध्ये वेस्टन-सुपर-मेअर या खालच्या लीगमधल्या संघाकडे लोनवर, म्हणजे काही काळापुरतं, पाठवलं, कारण तिथे दर आठवड्याला अंगाला अंग लावून खेळणारी मोठी माणसं होती आणि निकालाची झळ लागत होती. मग त्याला पहिल्या संघात आणलं. 2016–17 च्या हंगामात तो असा खेळला की त्या वर्षीचा ईएफएलचा, म्हणजे त्याच फुटबॉल लीगचा, सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. त्यानंतर, एकविसाव्या वर्षी, त्याला ब्रेंटफर्डला दिलं. रक्कम साधारण 18 लाख पौंड. ती ऐकून पुष्कळ जण म्हणाले, स्वस्तात गेला. पण एक्सेटरने पुढच्या विक्रीतला वाटा लिहून घेतला होता. 2020 मध्ये अॅस्टन व्हिलाने वॉटकिन्ससाठी 2 कोटी 80 लाख पौंड मोजले, तेव्हा बातम्यांनुसार एक्सेटरच्या खात्यात 40 लाखांच्या आसपास आले. मूळ विक्रीच्या दुपटीहून जास्त. 2024 च्या युरो स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याने इंग्लंडचा विजयी गोल केला, तेव्हा एक्सेटरमधल्या माणसांना काय वाटलं असेल, याची कल्पना कर. तुझ्या ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर ते आहे.

आता कुणाकडे. तुझे संचालक सगळ्यात मोठ्या आकड्याकडे बघतील. तू खेळायला मिळणाऱ्या मिनिटांकडे बघ. याने मुलाचं भलं होतंच, शिवाय क्लबाचंही होतं. वाढीव रक्कम सामन्यांवर असते आणि पुढच्या विक्रीतला वाटा त्याच्या प्रगतीवर. तो तिकडे बाकावर कुजला तर दोन्ही शून्य. ज्युड बेलिंगहॅम 2020 मध्ये बर्मिंगहॅम सिटी सोडताना मँचेस्टर युनायटेडही त्याच्या मागे होतं. तो गेला जर्मनीतल्या डॉर्टमुंडला, कारण तिथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना खरोखर मैदानात उतरवतात. तीन वर्षांनी रेआल माद्रिदने त्याच्यासाठी 10 कोटी युरोंहून जास्त मोजले. याच्या उलट जॉन बॉस्टॉक. क्रिस्टल पॅलेसकडून पंधराव्या वर्षी पहिल्या संघात खेळलेला, अतिशय गुणी मुलगा. 2008 मध्ये तो टॉटनहॅमला गेला, लवादाने पॅलेसला सुरुवातीला 7 लाख पौंड ठरवून दिले, आणि टॉटनहॅमकडून प्रीमियर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मुलाचं नुकसान झालं आणि ज्या क्लबाने त्याला घडवलं त्याचंही.

म्हणून समोरच्यांना थेट विचार. त्याच्या जागेवर सध्या कोण खेळतं, त्याचं वय काय, त्याचा करार कधी संपतो? पहिल्या वर्षी हा मुलगा कुठल्या संघात असेल? लोनवर पाठवणार असतील तर कुठल्या स्तरावर, आणि तिथे त्याची चौकशी करायला कोण जाणार? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. फिफाने एका क्लबाने किती खेळाडू परदेशी लोनवर द्यावेत यावर मर्यादा घातली, जुलै 2024 पासून ती सहावर आली. पण क्लबाने स्वतः घडवलेली एकवीस आणि त्याखालची मुलं त्या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे लहान वयात आणलेले पुष्कळ खेळाडू बडा क्लब जमवून ठेवू शकतो.

आणि तो का जमवतो, हेही ओळख. विकत घेतलेल्या खेळाडूची रक्कम कराराच्या वर्षांत विभागून हिशेबात धरतात, पण विक्रीचा नफा त्याच वर्षी पूर्ण दाखवता येतो. लहान वयात थोड्या भरपाईत आणलेल्या मुलाची वहीतली किंमत जवळपास शून्य, म्हणून तो विकला की जवळपास सगळी रक्कम नफा. तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या नियमांखाली वावरणाऱ्या श्रीमंत क्लबांना असा नफा फार उपयोगी पडतो. तेव्हा काही मुलं संघासाठी घेतली जातात आणि काही ताळेबंदासाठी. तुझा मुलगा कुठल्या यादीत आहे, हे त्याच्या आईवडिलांना कळलं पाहिजे. दुसरं कुणी त्यांना ते सांगणार नाही.

शक्य असेल तर त्याला या हंगामापुरता लोनवर परत मागून घे. एमके डॉन्सने फेब्रुवारी 2015 मध्ये डेली अॅलीला टॉटनहॅमला 50 लाख पौंडांना दिलं आणि हंगाम संपेपर्यंत स्वतःकडेच ठेवलं. त्या वर्षी ते वरच्या श्रेणीत गेले. मुलगा ओळखीच्या माणसांत खेळत राहिला, क्लबाला पैसा मिळाला आणि संघही मोडला नाही. असा करार मागायला कमीपणा वाटू देऊ नकोस.

कागदाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच छोटे क्लब नागवले जातात. पुढच्या विक्रीतला वाटा एकूण रकमेवर आहे की नफ्यावर, हे आधी बघ. टक्के तेच असले तरी फरक मोठा पडतो, आणि समोरचा वकील ते एका छोट्या कलमात घालून ठेवतो. बार्न्सलीने जॉन स्टोन्सला 2013 मध्ये साधारण 30 लाखांना एव्हर्टनला दिलं. वाटा सुमारे 15 टक्के होता. 2016 मध्ये मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी पावणेपाच कोटी पौंड दिले, आणि बार्न्सलीला त्या एका कलमाने कित्येक वर्षांचा श्वास मिळाला. विक्रीऐवजी अदलाबदल झाली किंवा लोनची फी घेतली तरी वाटा लागू राहील, असं स्पष्ट लिहून घे.

मग तो वाटा सांभाळ. काही वर्षांनी घेणारा क्लब फोन करील आणि म्हणेल, आत्ता रोख घ्या आणि कलम सोडा. त्या महिन्यात पगार थकलेले असतील, म्हणून मोह होईल. साउदॅम्प्टनचं असंच झालं. 2007 मध्ये गॅरेथ बेल टॉटनहॅमला गेला तेव्हा पुढे मिळू शकणारी रक्कम बरीच होती. पण क्लब आर्थिक गर्तेत सापडला आणि लवकर मिळणाऱ्या कमी पैशांवर त्यांनी तडजोड केली. 2013 मध्ये बेल जगातला सगळ्यात महागडा खेळाडू म्हणून रेआल माद्रिदला गेला. पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळून खायची पाळी येते ती अशी, आणि ती येऊ नये म्हणून बाकीचा कारभार जागेवर ठेवावा लागतो. या विक्रीचे पैसे पहिल्या संघाच्या पगारात मुरवू नका, एवढंच संचालकांना सांग. ऐकतील की नाही, ते त्यांचं.

फिफाच्या सॉलिडॅरिटी नियमावर विसंबून राहू नकोस. परदेशी बदलीत रकमेतले 5 टक्के बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या 0.25 टक्के आणि त्यापुढे वर्षाला 0.5. बेलिंगहॅम माद्रिदला गेला तेव्हा बर्मिंगहॅमच्या वाट्याला या हिशेबाने दीड ते दोन टक्क्यांच्या दरम्यान येतं. चांगली रक्कम आहे ती. पण एका इंग्लिश क्लबातून दुसऱ्या इंग्लिश क्लबात गेलेल्या तुमच्या मुलाबाबत हा नियम कामाचा नाही. तिथे तुमच्या कलमाशिवाय तुम्हाला कुणी एक पौंड देणार नाही. त्याची नोंदणीची कागदपत्रं मात्र वर्षवार लावून ठेव. उद्या तो परदेशी गेला तर कुठल्या हंगामात तो कुणाकडे होता, याच नोंदींवरून वाटे पडतात.

बर्मिंगहॅमने बेलिंगहॅमची 22 नंबरची जर्सी निवृत्त केली, तेव्हा लोकांनी टर उडवली. एका हंगामाच्या खेळाडूसाठी एवढं? मला ते मनापासून आवडलं होतं. अडचणीतल्या क्लबाने एका मुलाचे उपकार जाहीरपणे मानले, यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या चाहत्यांशीही असंच सरळ बोला. किती मिळाले, किती नंतर मिळतील, कशावर खर्च होणार, हे सांगा. त्यांना राग येतो तो लपवालपवीचा.

त्याच्याच वयोगटातल्या इतर मुलांकडेही लक्ष असू दे. बोलणी चालू असताना सगळ्यांच्या नजरा एकाकडे असतात, आणि ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात क्लब सोडायला सांगणार आहे त्यांच्याशी महिनोन् महिने कुणी बोलत नाही. अकादमीत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं भवितव्य हेच असतं. त्यांच्या शिक्षणाची, दुसऱ्या क्लबातल्या चाचणीची सोय तू आत्तापासून बघ. या कामासाठी तुला कुणी शाबासकी देणार नाही, तरीही कर.

बैठकीच्या आधी मुलाच्या आईवडिलांना भेट. एजंट मध्ये आला की तुझं म्हणणं त्यांच्यापर्यंत तसंच्या तसं पोहोचणार नाही. त्यांच्यासमोर क्लबाची बाजू लढवू नकोस. वर लिहिलेले सगळे प्रश्न त्यांच्या हातात दे आणि निर्णय मुलाला घेऊ दे. करार झालेला नसेल तर मला लगेच फोन कर, कारण मग बोलणी वेगळ्या तऱ्हेने करावी लागतील. झालेला असेल तर मसुदा येताच पाठव. वाट्याचं कलम आणि हप्त्यांच्या तारखा मी आधी वाचीन.

तुझा,
सर